पेटीवर नाव आहे का?

जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत कुकर असतो, गोडा मसाला असतो, मेतकूट असतं, ऐन उन्हाळ्यात घामाघूम होऊन विकत घेतलेले थर्मल असतात आणि पासपोर्टच्या गठ्ठाभर झेरॉक्स असतात. नसतं ते एकच: आडनाव छापलेलं लेबल आणि त्यावर लावायला पारदर्शक चिकटपट्टी. माझं ठाम मत आहे, कुकर एक वेळ मागून आला तरी चालेल, लेबल हातातल्या पिशवीत हवं. तिकडे राहणं, शिकणं, कमावणं हे सगळं पत्रांवर चालतं, आणि पत्र येतं ते इमारतीखालच्या टपालपेटीवर आपलं आडनाव असेल तरच.

आपल्या पोस्टमनला 'मारुतीच्या देवळामागे, गिरणीसमोर' एवढं पुरतं. आडनाव अर्धवट असलं तरी तो खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे चौकशी करून पत्र पोचवतो. जर्मन पत्त्यात रस्ता, घराचा क्रमांक, पाच आकडी पिनकोड आणि गाव, बस्स. फ्लॅट नंबर सहसा नसतोच. बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत दाराशी बारा पेट्या, आणि पोस्टमन फक्त नावं वाचत पुढे सरकतो. तुमचं नाव दिसलं नाही की पत्र आलं तसं परत. तुम्ही त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर त्याच पत्राची वाट पाहत चहा पीत बसलेले असता, पण त्याच्या लेखी तुम्ही त्या घरात नाही.

लेबल लावण्याचंही शास्त्र आहे. कागदावर शाईच्या पेनने नाव लिहून डिंकाने चिकटवलं तर पहिल्या पावसात कुलकर्णींचा निळा डाग होतो. छापील नाव, वर चिकटपट्टी, आणि पेटीबरोबर बेलच्या पाटीवरही तेच. काही इमारतींत सगळ्या पाट्या एकसारख्या असाव्यात असा व्यवस्थापनाचा हट्ट असतो. त्यांची पाटी यायला जेवढे आठवडे लागतील तेवढे दिवस आपलं कामचलाऊ लेबल राहू द्यावं. आडनाव पासपोर्टवर आहे तेच लावायचं. लग्नानंतर इथे सगळे 'जोशी वहिनी' म्हणत असतील, पण पासपोर्टवर माहेरचं 'सावंत' असेल तर पेटीवर जोशी आणि सावंत दोन्ही हवीत. नाही तर नवऱ्याची पत्रं येतात आणि बायकोच्या निवास परवान्याची पत्रं परत जातात, आणि पुढचा संवाद मराठीतच होतो. कुणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत असाल आणि नाव लावायला मनाई असेल, तर आपण 'द्वारा' लिहितो तसं पत्त्यात 'सी-ओ' लिहून मूळ भाडेकरूचं नाव घालायचं.

आता नाव लावायला आधी घर हवं. इथून खरी मजा सुरू होते. घर देताना मालक पगाराच्या तीन पावत्या मागतो आणि 'शूफा' मागतो, म्हणजे तुमच्या उधारीच्या इतिहासाचा दाखला. नुकत्याच उतरलेल्या माणसाचा इतिहास कोरा. उधारी कधी केलीच नाही, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. तिथे ते संशयास्पद वाटतं. पगारासाठी बँकेचं खातं हवं, काही बँका खात्यासाठी पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात, नोंदणीला घर लागतं. विद्यार्थ्यांचे पैसे आणखी एका जागी अडकलेले असतात. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो 'श्पेरकोंटो' नावाच्या बंद खात्यात ठेवावे लागतात (हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा), आणि त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. सुटतात म्हणजे चालू खात्यात जमा होतात. ते चालू खातं उघडायचं आहे. थोडक्यात, पैसे आपलेच, पण आपल्याला ओळखत नाहीत.

या फेऱ्यातून सुटायची वाट एकच: आधी कुठलीही अशी खोली पकडा जिथे नोंदणी करता येईल, मग ती गावाबाहेर असो की भाडं थोडं जास्त असो. जाहिरातीत 'नोंदणी शक्य नाही' असं असेल तर खोली कितीही गोंडस दिसली तरी पुढे चला. आणि खोली न बघता कुणाला पैसे पाठवू नका. 'मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो' म्हणणारा मालक नसतोच. भाड्याचे आकडेही दोन असतात. 'काल्ट' म्हणजे नुसतं भाडं, 'वार्म' म्हणजे हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई वगैरे धरून. खिसा वार्मला मोजून ठेवायचा. अनामत मात्र काल्ट भाड्याच्या तिपटीपर्यंतच घेता येते आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. रिकामा फ्लॅट घेतलात तर तो खरोखरच रिकामा असतो, हेही सांगून ठेवतो. स्वयंपाकघरात भिंतीतून पाण्याचा नळा आणि शेगडीची वायर बाहेर आलेली असते. ओटा, सिंक, कपाटं मागच्या भाडेकरूने उचकटून नेलेली असतात. छतालाही वायरीच. बल्ब आपला.

घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. उशीर झाला तर कायद्यात १,००० युरोपर्यंत दंड आहे. नियम असा कडक, आणि नगर कार्यालयाची टर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, बर्लिनसारख्या शहरात दोन आठवड्यांत मिळेलच याची खात्री नाही. त्यावर उपाय असा: शहरातल्या कुठल्याही भागातलं कार्यालय चालतं, तेव्हा आपल्याच पेठेचा आग्रह सोडायचा, सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास वेबसाइट पुन्हा पुन्हा उघडायची, कारण कुणी वेळ रद्द केली की ती तिथेच टपकते, आणि वेळ घेतल्याचा ईमेल जपून ठेवायचा, म्हणजे उशीर आपल्यामुळे झाला नाही हे दाखवता येतं.

सोबत पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाचं ठरावीक नमुन्यातलं पत्र, 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. उच्चार जमला नाही तरी चालेल, कागद हातात हवा. नोव्हेंबर २०१५ पासून तो सक्तीचा आहे. लोक इथे भाडेकरार घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात, कारण करारात तुम्ही कधी राहायला येणार एवढंच असतं. पत्रात मालक सांगतो की तुम्ही अमुक तारखेला खरोखर आलात. ती तारीख, पत्ता, राहायला आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि सही, यांतलं एक गळलं की पुन्हा टर्मिन. पोटभाडेकरू असाल तर ही सही मूळ भाडेकरू करतो. फक्त कागदापुरता पत्ता विकणारेही भेटतात; खोट्या पत्त्यासाठी दंडाची मर्यादा ५०,००० युरो आहे, तेव्हा त्यांना लांबूनच नमस्कार.

अर्जात धर्माचा रकाना असतो. कोकणस्थ की देशस्थ असं कुणी विचारत नाही, निश्चिंत राहा. हिंदू माणसाला त्याने काही फरक पडत नाही. पण वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मंडळींनी पेन उचलण्यापूर्वी एवढं जाणून घ्यावं, की तिथे चर्चचा कर पगारातून थेट कापला जातो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये प्राप्तिकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. पगाराच्या नव्हे, कराच्या. तरी पहिल्या पगाराच्या पावतीवर देव अनपेक्षितपणे भेटतो.

नोंदणीचा शिक्का बसला की पेटी बोलायला लागते. आधी ११ आकडी कर-क्रमांक येतो. हा फोनवर सांगत नाहीत, ईमेलने पाठवत नाहीत, पत्रच. तो हरवला आणि नोकरी सुरू झाली तर कंपनी तुम्हाला कराच्या सहाव्या वर्गात टाकू शकते, जिथे कापाकापी सगळ्यात जास्त. जास्तीचे पैसे पुढे विवरणपत्र भरून परत मिळतात, पण पहिल्या महिन्याच्या भाड्याला 'पुढे' हे उत्तर चालत नाही. मग बँकेचं कार्ड, आणि त्याचा पिन वेगळ्या दिवशी वेगळ्या पाकिटात. मग विम्याचं कार्ड. मग निवास परवान्याच्या कार्डाबद्दलचं पत्र. जाहिरातीच्या कागदांच्या गठ्ठ्यात यांतलं एखादं पाकीट सहज पेपरच्या कचऱ्यात जातं, म्हणून पेटीवर दुसरं लेबल: 'बिट्टे काइने वेर्बुंग', जाहिराती टाकू नयेत. गंमत म्हणजे हे मानतात.

आणि एक पत्र चुकता चुकत नाही, ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही, जर्मन कळत नाही, ही तिन्ही उत्तरं वाया जातात, कारण २०१३ पासून वर्गणी यंत्रावर नसून घरावर आहे. तुमचा नवा पत्ता त्यांना नोंदणी कार्यालयाकडूनच कळतो. मात्र घरटी एकच. चौघं मिळून राहत असाल आणि एक जण आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा, की बाकीचे मोकळे. वाटून घेतलं तर माणशी ४.५९. हे न कळवता पत्रं कपाटात टाकणाऱ्याला दंडासह पुन्हा पत्रं येतात, तीही अतिशय नम्र भाषेत.

पत्र आलं म्हणजे तारीख सुरू झाली, हे पक्कं डोक्यात ठेवावं. सरकारी पत्राला हरकत घ्यायला बहुतेक वेळा महिनाभर असतो आणि साध्या टपालाने धाडलेलं पत्र चौथ्या दिवशी पोचलं असं कायदा धरून चालतो. २०२४ पर्यंत तिसऱ्या दिवशी धरायचा, टपाल हळू झालं तसा कायद्यानेही एक दिवस सोडला. पिवळं पाकीट आलं तर प्रकरण गंभीर. पोस्टमन त्यावर पेटीत टाकल्याची तारीख लिहितो आणि मुदत तिथूनच मोजतात, मग तुम्ही त्या वेळी गणपतीला पुण्यात का असेना. ते पाकीट फेकायचं नाही. पत्राइतकाच तोही पुरावा. गावी जाताना पेटीची किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी आणि प्रत्येक पाकिटाचा फोटो मागावा.

हे सगळे कागद ठेवायला दोन भोकांची जाड फाइल आणि पंच घ्या. भोकांमध्ये ८ सेंटिमीटर अंतर, देशभर एकच. घर, विमा, कर, परवाना, नोकरी असे पाच पुठ्ठे घातले की झालं. परवान्याच्या नूतनीकरणाला हीच फाइल काखोटीला मारून जायचं, कारण समोरची बाई मागते तो कागद ईमेलमध्ये सापडेपर्यंत तुमची टर्मिन संपते. विद्यार्थ्यांनी नोकरीच्या पुठ्ठ्यात केलेल्या दिवसांचा हिशोब ठेवावा: वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच काम करायची मुभा असते.

घर सोडायचं पत्र हा वेगळाच सोहळा. व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, ईमेल चालत नाही. कागद आणि त्यावर पेनाची सही. नोटीस साधारण तीन महिन्यांची. मार्चच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पत्र मालकाला पोचलं तर मेअखेर सुटका, एक दिवस उशीर झाला की जूनअखेर, म्हणजे ९५ सेंटचं तिकीट वेळेवर न लावल्याबद्दल अख्ख्या महिन्याचं भाडं. म्हणून 'आइनवुर्फ-आइनश्रायबेन', म्हणजे तिथल्या रजिस्टर टपालाने पाठवा, त्यात पेटीत टाकल्याची तारीख पोस्ट नोंदवून ठेवतं.

देश सोडून परतायचं असेल तर पत्त्याची नोंद रद्द करणं आलं. ते निघण्याच्या फार तर आठवडाभर आधी करता येतं. पण त्याने रेडिओ-टीव्हीची वर्गणी आपोआप थांबत नाही. तिचा अर्ज वेगळा, सोबत नोंद रद्द केल्याच्या दाखल्याची प्रत, आणि पुढच्या पत्रव्यवहारासाठी भारतातला पत्ता. हा शेवटचा रकाना लोक हमखास कोरा सोडतात. मग उत्तर जातं जुन्या पत्त्यावर, ज्या पेटीवरून त्यांनी स्वतःचं नाव नखांनी खरवडून काढलेलं असतं. पोस्टमन नाव वाचतो, सापडत नाही, पत्र परत, आणि वर्गणी चालू.