एकोणतीस चित्रं आणि एक कोरा कागद

काल रात्री तिसाव्या दिवसाचं चित्र ग्रुपवर टाकलं आणि मग बराच वेळ तशीच बसून राहिले, ब्रश धुवायचे होते, पॅलेट पुसायचं होतं, पण उठवेना. महिनाभर रोज एक चित्र काढायचं असं आम्ही नऊ चित्रकार मित्रमैत्रिणींनी ठरवलं होतं. सात जण शेवटपर्यंत राहिलो. दोघांनी मधेच थांबवलं, आणि मला त्या दोघांबद्दलही लिहायचंय, कारण या महिन्यात मला जे कळलं त्यातलं निम्मं त्यांच्यामुळे कळलं.

आधी विषयाचं सांगते. अशा चॅलेंजमधे बहुतेक वेळा शब्दांची यादी असते, आज 'वादळ', उद्या 'जुनं', परवा 'पंख'. २००९ साली जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने स्वतःचा शाईतला हात सुधारावा म्हणून ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायला घेतलं, त्याचं इंकटोबर झालं, पुढे त्याला रोजच्या शब्दांची यादी जोडली गेली आणि ती पद्धत सगळीकडे पसरली. मी याआधी दोनदा यादीवर काम केलंय. दोन्ही वेळा माझा दिवस 'काय काढू' यातच गेला, काहीतरी सुचेपर्यंत रात्र व्हायची आणि मग फोनवर कुणाचा तरी फोटो शोधून त्यावरून घाईघाईत काढायचं. इलस्ट्रेशन करणाऱ्यांना यादीचा फायदा होतो, नाही असं नाही, रोज नवीन कल्पना लढवायची सवय लागते. पण मला बघायला शिकायचं होतं, आणि त्यासाठी यादी फार अडचणीची आहे असं माझं ठाम मत झालंय. एका गोष्टीशी जरा कुठे ओळख व्हायला लागते की दुसऱ्या दिवशी ती गोष्टच बदलते.

म्हणून यावेळी मी एकच वस्तू घेतली. खिडकीतली काचेची बरणी, निम्मी पाण्याने भरलेली. महिनाभर तीच. ग्रुपमधे यावर बरीच चर्चा झाली, काहींना वाटलं दहाव्या दिवशी मी कंटाळणार, एकाने विचारलंही की लोक रोज बरणी का बघतील. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. प्रत्येकाने आपापलं ठरवावं असं शेवटी ठरलं, कुणी स्वतःचा हात घेतला, कुणी घरासमोरचं एकच झाड, दोघांनी यादीच घेतली. माध्यमाचं बंधन कुणालाच नव्हतं.

तयारी म्हणाल तर आदल्या दिवशी ३०० जीएसएमच्या (म्हणजे चांगल्या जाड) कॉटन पेपरच्या दोन मोठ्या शीट्स फाडून पंधरा बाय पंधरा सेंटिमीटरचे तुकडे केले. ५६ बाय ७६ च्या एका शीटमधून बरोबर पंधरा निघतात, दोन शीट म्हणजे तीस. हे आधीच करून ठेवणं फार महत्त्वाचं आहे, कारण चांगला कागद समोर अखंड असला की हात घाबरतो, तीस तुकड्यांचा गठ्ठा असला की एक बिघडला तर बिघडला. आकार लहान असण्याचंही तेच. ड्वेन कायझर या अमेरिकन चित्रकाराने डिसेंबर २००४ मधे रोज एक पोस्टकार्डाएवढं ऑइल पेंटिंग करून ते ऑनलाइन टाकायला सुरुवात केली, त्याचं बघून कितीतरी चित्रकार रोजच्या चित्राकडे वळले, आणि मला वाटतं त्या आकारामुळेच ते जमलं. नोकरी, घर सांभाळून रोज मोठा कॅनव्हास कुणाच्याने होणार? जलरंग मी तीनच घेतले, अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). पहिल्या दोघांतून इतके करडे निघतात की महिनाभर पुरून उरतात, निळं जास्त टाकलं की थंड करडा, सिएना जास्त टाकलं की ऊबदार, आणि दोन्ही घट्ट घेतले की जवळजवळ काळा.

पहिले आठ नऊ दिवस मी बरणी काढतच नव्हते, बरणीबद्दल जे माहीत आहे ते काढत होते. आधी पेन्सिलीने दोन्ही बाजूंच्या रेघा, वर लंबगोल, खाली लंबगोल, मग आत हलका निळा, कारण काच म्हणजे निळसर असं कुठेतरी डोक्यात बसलेलं. समोर निळं काहीच नव्हतं! काचेला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, मागे जे आहे तेच तिच्यातून वाकडंतिकडं होऊन दिसतं, आणि सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ जागा एकमेकींना चिकटून असतात, काठावर आणि तळाच्या जाड काचेत. हे वाचून माहीत असणं वेगळं आणि दहाव्या दिवशी सकाळी एकदम दिसणं वेगळं. त्या दिवशी पहिल्यांदा मी रेघ न काढता सुरुवात केली. बरणीची डावी कड मागच्या भिंतीत पूर्ण विरघळलेली होती, मी ती काढलीच नाही, आणि तरी चित्रात बरणी उभी राहिली.

मग पाणी. पाण्याने भरलेला गोल भाग भिंगासारखा वागतो, खिडकीची उजवी चौकट पाण्यात डावीकडे दिसते आणि पाण्याच्या वरच्या रिकाम्या काचेत मात्र ती उजवीकडेच असते. बारा दिवस मी ती दोन्ही ठिकाणी उजवीकडेच काढली होती, समोर दिसत असून. आणि सावली! मी आयुष्यभर काचेच्या भांड्याची सावली करडी भरत आले, पण सकाळच्या उन्हात त्या सावलीच्या मधोमध उजेडाचा एक तुकडा असतो, पाण्यातून गोळा होऊन पडलेला, आजूबाजूच्या उन्हापेक्षाही झगझगीत. जलरंगात तो मागाहून लावता येत नाही, आधीपासून कागदाचा पांढरा तिथे राखून ठेवावा लागतो, म्हणजे पहिला वॉश, पातळ रंगाचा थर, टाकायच्या आधीच तो दिसलेला असला पाहिजे. तेरा, चौदा, पंधरा, हे तीन दिवस मी फक्त त्या उजेडाच्या तुकड्यासाठी काढले, बाकी बरणी कशीतरी उरकली.

इथे फ्रेंच चित्रकार मोने आठवतोच. १८९० आणि ९१ मधे त्याने गवताच्या गंजींची साधारण पंचवीस चित्रं केली, उजेड बदलला की तो कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा, एकाच वेळी अनेक चालू. पण त्याचा दाखला देताना एक गोष्ट आपण सोडून देतो, ती चित्रं त्याने नंतर स्टुडिओत बसून पुन्हा पुन्हा रंगवली होती, एका बैठकीत संपवली नव्हती. रोज एक चित्र ही पद्धत चांगली आहे, पण तीच एक खरी पद्धत असं म्हणणं चूक आहे. आणि व्हॅन गॉगचंही तेच, फ्रान्समधल्या ऑव्हेर गावात, आत्महत्येआधीच्या शेवटच्या सुमारे सत्तर दिवसांत त्याने सत्तरहून जास्त चित्रं केली हे आपण फार कौतुकाने एकमेकांना पाठवतो, मला ते चॅलेंजचं उदाहरण म्हणून वापरलेलं बघवत नाही, त्या माणसाची त्या दिवसांत काय अवस्था होती ते माहीत असताना.

आमच्यातली जी मैत्रीण बाराव्या दिवशी थांबली तिचं मोनेसारखंच झालं. ती ऑइलमधे समोरचं झाड करत होती, अकरा दिवस रोज एक केलं आणि बाराव्या दिवशी तिला एका फांदीमागच्या आभाळात असं काही दिसलं की ते एका दिवसात संपणार नव्हतं. तिने ग्रुपवर लिहिलं, मी हे रात्री बारापर्यंत संपवलं तर हे खोटं होईल. आणि ती त्याच एका चित्रावर बसली, रोज. तेव्हा आमच्यातल्या दोघातिघांनी तिला समजवायचा प्रयत्न केला, अगं चॅलेंज आहे, पूर्ण कर. मीही त्यात होते. आज मला वाटतं मी गप्प बसायला हवं होतं, कारण रोज चित्रासमोर बसायचं ही मुख्य गोष्ट तिने एकही दिवस मोडली नाही.

दुसरा थांबला त्याची गोष्ट मात्र मनाला लागली. आमच्यात त्याचा हात सगळ्यात तयार, स्वतःच्या हाताची रोज एक शाईतली स्टडी, म्हणजे सरावाचं चित्र, टाकायचा, आणि रोज खाली आम्ही सगळे लिहायचो मस्त, कमाल, क्या बात है. एकोणिसाव्या दिवशी त्याने लिहिलं की गेले सहा दिवस मी अंगठ्याचा सांधा चुकीचा काढतोय, मला माहीत आहे तो चुकतोय, कुठे चुकतोय ते कळत नाहीये, आणि तुम्ही आठ चित्रकार आहात, एकानेही काही म्हटलं नाही. मग तो थांबला. मी परत जाऊन त्याची सहाही चित्रं बघितली, नीट बघितल्यावर दोन मिनिटांत दिसतं, अंगठा तळहातातून जिथून सुरू होतो ती जागा तो मनगटापासून फार वर घेत होता. दोन मिनिटं. तेवढीही मी दिली नव्हती, मी बदाम टाकून पुढे गेले होते.

रोजच्या चित्रांच्या ग्रुपमधे कौतुकाची सवय लागते आणि ती चित्रकाराला एकटं पाडते, हे मी आता अगदी मनापासून म्हणतेय. त्यानंतर आम्ही उरलेल्यांनी ठरवलं की कौतुकाचे शब्द बंद, रोज किमान एकाच्या चित्राबद्दल एक गोष्ट लिहायची जी डोळ्यांना दिसतेय, 'खालच्या लंबगोलाची गोलाई वरच्यापेक्षा कमी आहे, नजर वरून असेल तर ती जास्त हवी' असं. हे वाक्य मला विसाव्या दिवशी आलं आणि त्याने माझी पुढची दहा चित्रं सुधारली. तशी वाक्यं लिहायला वेळ लागतो, चित्राएवढाच लागतो कधीकधी, पण नऊ जणांनी एकत्र चित्रं काढायची ती कशासाठी मग, एकेकट्याने काढून कपाटात ठेवता येतातच की.

तो परत आला नाही चॅलेंजमधे. पण ते अंगठ्याचं मी त्याला लिहून पाठवलं, उशिरा का होईना, आणि दुसऱ्या दिवशी त्याने एका कागदावर काढलेले चौदा अंगठे पाठवले.

आता कोऱ्या कागदाचं. सतराव्या दिवशी मला ताप होता, उठलेच नाही. अठराव्या दिवशी सगळे म्हणाले आज दोन चित्रं काढ. मी नाही काढली. ऑन कावारा या चित्रकाराचा नियम मला फार जवळचा वाटतो, ४ जानेवारी १९६६ पासून पुढे कितीतरी वर्षं तो फक्त त्या दिवसाची तारीख रंगवायचा, एकरंगी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आणि आकडे, आणि त्या रात्री बारापर्यंत चित्र पूर्ण नाही झालं तर नष्ट करायचा. रोज रंगवलंच असंही नाही, ज्या दिवशी नाही त्या दिवशी नाही, मागून भरपाई करायचा प्रश्नच नाही, कारण काल आज रंगवता येत नाही. माझ्या बरणीचंही तसंच, सतरा तारखेचा उजेड मी बघितलाच नव्हता. मी त्या तुकड्यावर मागे तारीख घातली आणि तो कोराच गठ्ठ्यात ठेवला.

एक दिवस चुकला म्हणून सगळं सोडणारे खूप बघितलेत मी, मी स्वतः आधीच्या चॅलेंजमधे अशीच सोडून बसले होते, तीन दिवसांची थकबाकी साचली आणि चित्रं काढणं म्हणजे कर्ज फेडणं होऊन बसलं. लंडनमधल्या संशोधकांचा २००९ चा एक अभ्यास आहे, ९६ लोकांवर केलेला, एखादी गोष्ट सवयीची व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ पुरले तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे महिन्याभरात सवय लागतेच असं काही नाही, आणि एका दिवसाने ती तुटतही नाही. तेव्हा कृपा करून कुणाला मागची चित्रं भरून काढायला लावू नका.

तिसरा आठवडा वाईट जातो, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल. सुरुवातीचा उत्साह गेलेला असतो, शेवट लांब असतो, आणि चित्रं खरंच खराब होतात. एकविसाव्या दिवशी अर्धवट ओल्या वॉशमधे मी पाण्याने भरलेला ब्रश टेकवला, पाण्याने रंग बाहेर ढकलला आणि बरणीच्या मधोमध दातेरी कडांचा डाग पसरला. रात्रीचे अकरा. तेही टाकलं ग्रुपवर, आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं की डागाच्या वरचा पाण्याचा पृष्ठभाग तू आजपर्यंत काढलेल्यांत सगळ्यात खरा आहे. होता. पाण्याची ती पातळ चकती मला बावीस, तेवीस, चोवीसला मुद्दाम करून तशी जमली नाही.

आज सकाळी सगळे तुकडे जमिनीवर ओळीने मांडले, पाच ओळी, प्रत्येकी सहा. तिसरी ओळ शेवटून दुसऱ्या जागी पांढरी. वरच्या दीड ओळीत सगळीकडे रेघा आहेत, खाली येत येत त्या गेल्यात. पहिल्या दिवसाचं चित्र त्या दिवशी मला फार आवडलं होतं, आज त्यातली बरणी दुकानातल्या लेबलवर छापलेली असावी तशी वाटते. तिसाव्यात उजवी कड मी ठेवलीये आणि आता वाटतंय वरच्या अर्ध्यात ती नको होती.

झाडवाल्या मैत्रिणीने दुपारी तिच्या चित्राचा फोटो पाठवला, एकोणीस दिवस झाले त्याला. फांदीमागचं आभाळ तिने तीनदा खरवडून काढलंय. विचारतेय, फांदीचं टोक उजेडात हरवू देऊ का स्पष्ट ठेवू. आम्ही सहा जणांनी उत्तरं दिलीत, तीन हरवू दे म्हणतात, तीन ठेव म्हणतात, सातव्याचं अजून यायचंय.