‘कोलेस्टेरॉल निर्दोष, खरा गुन्हेगार होमोसिस्टीन’: या मेसेजचा एकेक मुद्दा

घराघरांतल्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका लांबलचक मेसेजचा गाभा असा आहे: अमेरिकेने कोलेस्टेरॉलला क्लीन चिट दिली. हार्ट अटॅक आलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मलच असतं. धमन्या खराब करतं ते होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) आणि ते बी-१२, बी-६, फॉलिक अ‍ॅसिडने खाली येतं. जोडीला सी, ई, डी आणि के-२ घेतलं की काम फत्ते. तूप-खोबरेल हवं तेवढं खा आणि स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी आजच बंद करा.

मेसेज साफ खोटा असता तर सोपं होतं. त्यातली बरीच वाक्यं खऱ्या संशोधनातूनच उचललेली आहेत. गफलत आहे ती वेगळ्याच ठिकाणी. एखादा आकडा आजारी माणसांच्या रक्तात वाढलेला दिसणं ही एक गोष्ट, आणि तो आकडा खाली आणल्यावर झटके कमी होणं ही दुसरी. दुसरी गोष्ट तपासायची तर हजारो माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटावी लागतात. एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, आणि मग वर्षानुवर्षं झटके मोजत बसायचं. खालचे दावे या परीक्षेला बसवले आहेत.

‘अमेरिकेने कोलेस्टेरॉलला हानिकारक यादीतून काढलं’

२०१५–२०२० च्या अमेरिकी आहार मार्गदर्शिकेतून रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा गेली, हे खरं. पण ती मर्यादा खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची होती, म्हणजे अंड्याच्या बलकातल्या, कोळंबीतल्या. रक्तातल्या एलडीएलबद्दल (‘वाईट’ म्हणतात त्या कोलेस्टेरॉलबद्दल) तिथे कोणी माघार घेतलेली नाही. त्याच मार्गदर्शिकेत संतृप्त चरबी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांखाली ठेवा असं लिहिलेलं आहे. ते वाक्य मेसेजमध्ये आलं नाही.

‘८० टक्के कोलेस्टेरॉल लिव्हरच बनवतं, मग खाण्याचा काय संबंध?’ हा पुढचा प्रश्न. संबंध आहे, फक्त वेगळ्या वाटेने. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल रक्तातून उचलून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. संतृप्त चरबी जास्त खाल्ली की त्यांचं काम मंदावतं आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं.

२००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे साधारण २२ ग्रॅम संतृप्त चरबी. मोठा चमचाभर, म्हणजे १४ ग्रॅम तुपात ती ८ ते ९ ग्रॅम असते. तेवढ्याच खोबरेल तेलात ११ ते १२ ग्रॅम. वरणभातावर लहान चमचाभर तूप कोणाचा घात करत नाही. अडचण ‘हवं तेवढं’ या दोन शब्दांत आहे. खोबरेल तेलाच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये आलं. शेंगदाणा, सूर्यफूल अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमने वाढवलं. (कोकण-गोव्यातल्या वाचकांनी लगेच रागावू नये. या चाचण्या तेलाच्या आहेत. नारळ वाटून केलेली आमटी हा वेगळा विषय.)

‘निम्म्या पेशंटचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं’

हा आकडा अमेरिकेतल्या २००९ च्या एका अभ्यासातला. हृदयधमन्यांच्या आजारासाठी दाखल झालेल्या १,३६,९०५ पेशंटपैकी जवळजवळ निम्म्यांचं एलडीएल १०० च्या खाली होतं. आता न सांगितलेलं. सुमारे पाचव्या हिश्शाचे पेशंट दाखल होण्याआधीच कोलेस्टेरॉलची औषधं घेत होते. झटका आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत एलडीएल आपोआप उतरतं, त्यामुळे दाखल झाल्यावर काढलेलं रक्त आधीच्या वर्षांची कथा सांगत नाही. आणि त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त लोकांचं एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ४० च्या खाली होतं.

शिवाय ‘नॉर्मल’ म्हणजे काय, हे रिपोर्ट नीट वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे नेहमी दिसणारा नमुना घ्या: टोटल कोलेस्टेरॉल १९८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २४०. टोटल २०० च्या आत, म्हणून लॅबच्या कागदावर तांबडं काही नाही. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. म्हणजे १९८ − ३४ − ४८ = ११६. हेही फार वाटत नाही. पण टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा: १६४. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल यात येतं. नॉन-एचडीएलचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. एलडीएल १०० च्या आत हवं असेल तर नॉन-एचडीएल १३० च्या आत. या माणसाचं १६४ आहे. ट्रायग्लिसराइड चढं आणि एचडीएल उतरलेलं, हा भारतीय रक्तात वारंवार दिसणारा साचा असल्याने एवढी वजाबाकी प्रत्येकाने करावी. तिला वेगळे पैसे पडत नाहीत. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर एलडीएलचं ते गणितच चुकतं, तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं.

एलडीएल नुसतं साक्षीदार नाही, कारण आहे, याचा पुरावा दोन बाजूंनी येतो. काहींच्या जनुकातच पीसीएसके-९ नावाचं प्रथिन निकामी असतं, त्यामुळे त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गटात असे लोक तपासले, तेव्हा एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी आणि हृदयधमन्यांचा आजार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. दुसरी बाजू औषधांची: स्टॅटिनच्या चाचण्या एकत्र केल्या की एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरलं तर झटके, पक्षाघात आणि धमन्यांवरच्या शस्त्रक्रिया मिळून साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात.

‘खरा गुन्हेगार होमोसिस्टीन’

मेसेजमधला हा सगळ्यात भारदस्त मुद्दा, म्हणून इथे थोडं थांबू. किल्मर मॅक्कली या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९६९ मध्ये दाखवलं की जन्मजात दोषामुळे ज्या मुलांचं होमोसिस्टीन अतोनात वाढतं, त्यांच्या धमन्या लहानपणीच खराब होतात. मग थोडं वाढलेलं होमोसिस्टीन मोठ्या माणसांना झटका देत असेल का? निरीक्षणांत तसं दिसलं: होमोसिस्टीन जास्त, झटके जास्त. आणि बी जीवनसत्त्वांनी ते उतरतंही. इथवर सगळं खरं.

मग परीक्षा झाली. २००६ च्या ‘होप-२’ चाचणीत ५,५२२ लोकांना पाच वर्षं फॉलिक अ‍ॅसिड २.५ मिलिग्रॅम, बी-६ ५० मिलिग्रॅम आणि बी-१२ १ मिलिग्रॅम किंवा बिनऔषधी गोळी दिली. होमोसिस्टीन उतरलं, झटके तेवढेच राहिले. त्याच वर्षी नॉर्वेतल्या ३,७४९ झटका येऊन गेलेल्या लोकांत होमोसिस्टीन २७ टक्क्यांनी उतरलं. फायदा शून्य, उलट तिन्ही जीवनसत्त्वं एकत्र घेणाऱ्यांचा कल किंचित वाईटाकडे. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या १२,०६४ लोकांत पुन्हा तेच.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. चीनमध्ये २०,७०२ रक्तदाबाच्या पेशंटना एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळीसोबत ०.८ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तेव्हा पहिला पक्षाघात ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आला. तिथे पिठात फॉलिक अ‍ॅसिड मिसळत नाहीत, म्हणजे मुळात कमतरता होती. हा फायदा पक्षाघातापुरता. हार्ट अटॅक त्याने कमी झाले नाहीत.

महाराष्ट्रात या विषयाला वेगळं वजन आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे ४४१ पुरुष तपासले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५ च्या वर, म्हणजे जास्त. म्हणजे चेकअप पॅकेजमध्ये होमोसिस्टीन घातलं की निम्म्या लोकांचा आकडा ठळक अक्षरांत येणार आणि मेसेज खरा वाटणार. प्रत्यक्षात तो आकडा बहुतेक वेळा बी-१२ ची कमतरता सांगत असतो. ती जरूर भरून काढावी, पण मुंग्या येणं, तोल जाणं, विसरभोळेपणा, रक्तक्षय यांसाठी. हृदयाचा विमा म्हणून नाही.

ही कमतरता भरताना तीन चुका हमखास होतात. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं तर रक्तक्षय सुधारतो आणि बी-१२ अभावी नसांची हानी आतून चालूच राहते. म्हणून बी-१२ आधी किंवा सोबत. बी-६ रोज १०० मिलिग्रॅमच्या वर महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच पायांच्या नसा बिघडतात, म्हणजे पायांची आग थांबवायला घेतलेली गोळीच आग लावते. आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ पुन्हा उतरतं. ‘गेल्या वर्षी इंजेक्शनं झाली’ म्हणून विसरू नये.

होमोसिस्टीनचा आकडा खोटा वाढायलाही फार काही लागत नाही. रक्त काढून नळी तशीच ठेवली तर तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. साध्या तापमानाला ते तासाला सुमारे १० टक्क्यांनी चढतं. नमुना बर्फात ठेवून तासाभरात पेशी वेगळ्या करायला हव्यात. घरून गोळा केलेला नमुना दुपारपर्यंत पिशवीत फिरला असेल, तर १८ आकडा कशाचा आहे हे सांगता येत नाही. किडनी मंद असली तरी तो वाढतो, त्यामुळे सोबत क्रिएटिनिन बघावं.

‘सी आणि ई धमन्या साफ करतात’

याचं उत्तर एकाच चाचणीत मिळतं आणि ते मजेशीर आहे. ब्रिटनच्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त (२००२) २०,५३६ लोकांच्या दोन वेगवेगळ्या वाटण्या केल्या. एका वाटणीत ई ६०० मिलिग्रॅम, सी २५० मिलिग्रॅम, बीटा-कॅरोटीन २० मिलिग्रॅम विरुद्ध बिनऔषधी गोळी. दुसरीत सिम्वास्टॅटिन ४० मिलिग्रॅम विरुद्ध बिनऔषधी गोळी. माणसं तीच, दवाखाने तेच, पाच वर्षं तीच. जीवनसत्त्वांनी काहीच बदललं नाही. स्टॅटिनने झटका-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना २५.२ टक्क्यांवरून १९.८ वर आणि एकूण मृत्यू १४.७ वरून १२.९ टक्क्यांवर आणले. ई जीवनसत्त्वाचा दुसऱ्या एका चाचणीत पुढे पाठपुरावा केला, तर रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

नायसिन, म्हणजे बी-३, हेही असंच. एचडीएल वाढवतं, एलडीएल थोडं उतरवतं, लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक घातक कण) सुद्धा उतरवतं. कागदावर सगळे आकडे सुंदर. २५,६७३ लोकांच्या चाचणीत स्टॅटिनला जोडून दिलं तेव्हा झटके कमी झाले नाहीत. मधुमेह, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग मात्र वाढले.

‘डी आणि के-२ जोडीने घ्या’

डी-३ रोज २००० युनिट देऊन अमेरिकेत २५,८७१ लोकांवर ‘व्हायटल’ चाचणी झाली. हृदयाला फायदा नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी घ्या. फक्त ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते. ती चुकून रोज घेतल्याने कॅल्शियम चढून किडनीवर आलेल्या केसेस डॉक्टरांना माहीत आहेत. कृत्रिम झडप असलेल्या किंवा अ‍ॅसिट्रॉम, वॉरफरिन घेणाऱ्या माणसाने के-२ ला हात लावू नये: त्या गोळ्या के जीवनसत्त्व अडवूनच रक्त पातळ ठेवतात, आणि के-२ ते काम उलटवतं.

मेसेजमध्ये नसलेलं पण बहुतेक घरांत असलेलं एक जीवनसत्त्व इथेच सांगायला हवं: केसांसाठीचं बायोटिन, ५ किंवा १० मिलिग्रॅमचं. काही यंत्रांवर त्यामुळे ट्रोपोनिन, म्हणजे झटक्याची खूण सांगणारी तपासणी, खोटी कमी येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, त्यात एका मृत्यूचाही उल्लेख होता. छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत गेलात तर ‘केसांची गोळी चालू आहे’ हे आपणहून सांगा, कारण ते सहसा कोणी विचारत नाही.

‘स्टॅटिन आजच बंद करा’

झटका, स्टेंट किंवा बायपास झालेल्या माणसासाठी मेसेजमधलं हे सगळ्यात महागडं वाक्य. गोळी बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल मूळ पातळीवर परत येतं. जाणवत काहीच नाही, त्यामुळे ‘बघा, काही झालं नाही’ असं वाटतं.

स्नायू दुखतात ही तक्रार खोटी नाही. पण २०२० च्या एका चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने बिनऔषधी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. स्टॅटिनवर जो त्रास झाला, त्यातला ९० टक्के बिनऔषधी गोळीवरही झाला. उरलेला खरा त्रास हाताळता येतो: सीके (स्नायूंची हानी दाखवणारी) तपासणी, डोस कमी करणं, दुसरं स्टॅटिन, किंवा कमी डोससोबत इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध. बदलानंतर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड पुन्हा बघायचं. लघवी चहाच्या रंगाची झाली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर आपण सिम्वास्टॅटिन किंवा अ‍ॅटोरवास्टॅटिन घेतो हे सांगायचं. दोन्ही एकत्र घेतल्यास स्टॅटिन रक्तात साचतं. मधुमेह होण्याची शक्यता स्टॅटिनने थोडी वाढते, ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांच्यात मुख्यतः. त्यासाठी वर्षातून एकदा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) पुरे.

आणि गोळीवर दोष टाकण्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, करा. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं, होमोसिस्टीन वाढतं आणि स्नायूही दुखतात, तिन्ही एकदम. नमुना देण्याआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा, कारण काही यंत्रांवर त्याने टीएसएचही खोटं कमी येतं आणि मंदावलेला थायरॉइड कागदावर ठणठणीत दिसतो.