तीन लिंगं दिलीत, पण विचारलंत कुणाला?

जिताडा मासा आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून काढतो आणि चांगला मोठा झाला की मादी होतो. म्हणजे आमच्या अलिबागकडे व्याह्यांकडे मानाने पाठवला जाणारा तो भलाथोरला जिताडा बहुतेक वेळा ती असते. हेकरू माशाचं उलटं, आधी मादी आणि मग नर. खडकावरची कालवं, म्हणजे शिंपल्यातले जीव, साधारण नर म्हणून सुरुवात करतात, पुढे मादी होतात, काही तर परत फिरतात. परग्रहावरच्या माणसांना विज्ञानकथांचे लेखक जे अजब शरीर देतात, ते आमच्या बायका ओहोटीला खडकावरून फोडून वाटीत भरून आणतात.

पण यातल्या एकाही जिवाला कुणी विचारलेलं नसतं. वजन वाढलं, वय झालं, शरीर बदललं. परग्रहावरच्या समाजांबद्दलच्या विज्ञानकथा वाचताना माझी कुरकुर नेमकी हीच असते. लेखक दोनाची तीन लिंगं करतात, सगळ्यांना एकाच लिंगाचं करतात, आणि आपण ‘वा, काय मोकळा समाज’ म्हणून माना डोलावतो. तिथे राहणाऱ्या एकट्यादुकट्याला काही ठरवता येतं का, हे विचारायचं राहूनच जातं.

अर्सुला ले ग्विनच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’चंच बघा. 1969 सालची कादंबरी, सगळ्यांची लाडकी, माझीही. गेथेन नावाचा बर्फाळ ग्रह. तिथली माणसं महिन्यातले बरेचसे दिवस ना बाई ना पुरुष. मग काही दिवस ‘केमर’ नावाचा मीलनकाळ येतो, त्यात कुणी बाई होतं, कुणी पुरुष. राजासुद्धा गरोदर राहतो. ज्याला पोटची मुलं आहेत तोच दुसऱ्या काही मुलांचा बापही असू शकतो. वाचताना डोक्यातली कितीतरी जळमटं निघतात. पण या खेपेला काय व्हायचं हे ज्याचं त्याच्या हातात नाही. आणि त्याच समाजात तीन-चार टक्के माणसं अशी आहेत, ज्यांचं शरीर कायम एकाच लिंगाचं राहतं. त्यांना वाळीत टाकत नाहीत, पण नाक मुरडतात आणि ‘अर्धमेले’ म्हणतात. पृथ्वीवरून आलेला दूत त्यांच्या हिशेबात याच जातीचा. ले ग्विनबाई मोठ्याच. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की गेथेनच्या लोकांना आपण विनाकारण स्त्री-पुरुष जोडीतच अडकवलं. आपल्याच गाजलेल्या पुस्तकाबद्दल असं छापून टाकायला धमक लागते.

माझा जीव मात्र आयझॅक आसिमॉव्हच्या कादंबरीतल्या डुआवर जडलाय. ‘द गॉड्स देमसेल्व्ज’, 1972. आसिमॉव्ह म्हणजे रोबो आणि आकडेमोड असं समजणाऱ्यांनी हे वाचावंच. दुसऱ्या विश्वातले मऊ, विरविरीत देहाचे जीव, त्यांची तीन लिंगं. एक विचार करणारं, एक भावना सांभाळणारं, एक मुलं वाढवणारं. तिघांचं त्रिकूट जमतं, तीन मुलं होतात, ठरल्यासारखी प्रत्येक लिंगाचं एकेक. डुआ भावनेच्या खात्यातली. तिने उन्हात बसून ऊर्जा खावी, बाकीच्या तिच्यासारख्यांबरोबर गप्पा छाटाव्यात आणि वेळ आली की तिसरं मूल द्यावं, एवढीच अपेक्षा. हिला शिकायचंय. विचारवाल्यांचं काम समजून घ्यायचंय. बाकीच्या तिला चिडवतात, त्यासाठी खास नावही ठेवलंय.

तिला तिसरं मूल नको असतं. म्हणून ती खातच नाही पोटभर. मग त्रिकुटातला मुलं वाढवणारा ट्रिट काय करतो? चोरून आणलेली ऊर्जा तिला न सांगता खायला घालतो. मूल होतं. हा ट्रिट खलनायक नाही, हे त्यातलं सर्वात अंगावर येणारं. बिचारा, भोळा, घर आणि मुलं एवढंच कळणारा. असे ट्रिट आपल्या प्रत्येक घरात निघतील, साडी नेसलेलेही. कळल्यावर डुआ दगडात शिरून लपते, पळते, सगळ्यांशी भांडण घेते. आणि शेवटी? (पन्नास वर्षांहून जुनं पुस्तक आहे, कसला आलाय स्पॉयलर!) ते तिघं कायमचे वितळून एकच मोठा जीव बनतात. तिचं नाही म्हणणं त्यात विरघळून जातं. लेखक याला पूर्णत्व म्हणतो. मला अजून ते गिळवत नाही.

‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेत 1992 साली ‘द आउटकास्ट’ नावाचा भाग आला. अख्खा समाज लिंग न मानणारा, आणि त्यात सोरेन म्हणते, मी बाई आहे. मग तिच्यावर ‘उपचार’ होतात आणि ती बरी झाल्याचं स्वतःच सांगते. थोडा भाषणबाज भाग आहे, पण प्रश्न बरोबर धरलाय. लिंगभेद नसलेला समाजही छळू शकतो.

इयन बँक्सच्या कादंबऱ्यांतली ‘कल्चर’ नावाची संस्कृती सगळ्यात उदार. मनात आणलं की शरीर बदलू लागतं, पूर्ण बदलायला साधारण वर्षभर लागतं. तिथे खरी निवड आहे. आणि तरी ‘द प्लेअर ऑफ गेम्स’चा नायक कधीच बदललेला नाही, तर मैत्रीण त्याला आडून आडून मागासलेला म्हणते! माणसं कुठेही न्या, शेजारीपाजारी तेच.

कुणी म्हणेल, लिंगानुसार सत्ता कुणाकडे हा प्रश्न मोठा, निवड वगैरे नंतरचं. मला नाही पटत. माझी आत्या मासळी बाजारात बसते. भाव ती ठरवणार, पैसा तिच्या कनवटीला, काका तिच्याकडे मागून घेणार. बाहेरून आलेल्या कुणालाही वाटेल, बायकांचं राज्य आहे. पण तिला लहानपणी मासेमारीला जायचं होतं. “होडीवर बायकांचा काय काम?” एवढ्यावर विषय मिटला. माझ्या चुलतभावाला बाजारात बसायला आवडलं असतं. त्याचाही तसाच मिटला. आत्याकडे सत्ता भरपूर होती, निवड तेवढी नव्हती. एखाद्या लेखकाने हीच व्यवस्था दुसऱ्या ग्रहावर नेऊन ठेवली असती, तर आपण तिला स्त्रीसत्ताक म्हणून डोक्यावर घेतली असती.

2014 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःचं लिंग कोणतं हे सांगायचा हक्क त्या माणसाचा, शस्त्रक्रियेची अट नको. मग पारलिंगी व्यक्तींसाठीचा 2019 चा कायदा आला आणि ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. सोरेनच्या ग्रहावर हे लगेच समजलं असतं.

मराठीत मी वाचलेल्या विज्ञानकथांत परग्रहवासी येतात ते बहुतेक बुद्धिमान, टकले आणि पुरुषासारखे बोलणारे. त्यांच्या घरी स्वयंपाक कोण करतं, कुणाला तो करायचा नाहीये, हे कुणी लिहीत नाही. कोकणात बसून लिहिणाऱ्याने तरी लिहावं. कालवांसारख्या जिवांचा समाज, तिथलं एक कालव म्हणतंय, मला नाही बदलायचं. बाकीची सगळी काळजीत.

कुणाला सुरुवात करायची असेल तर आसिमॉव्हच्या पुस्तकाचा मधला भाग आधी वाचा. पहिल्या भागात शास्त्रज्ञांची भांडणं आहेत, ती नंतर वाचलीत तरी चालतील. माझी प्रत सध्या आत्याच्या सुनेकडे आहे. ट्रिटपर्यंत आलीये आणि भयंकर चिडलीये.