मिटवताना आधी त्या दोघांना बोलू द्या

नवरा-बायकोचं पटेनासं झालं की आपल्याकडे पहिला फोन मुंबईला जातो, थोरल्या दिराला. तो गाडी करून येतो, भावकीतली चार जाणती माणसं ओटीवर बसतात, चहा होतो आणि संध्याकाळपर्यंत सुनेला सांगितलं जातं, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता नीट नांदा." या बैठकांना माझा विरोध आहे. ओटीवरचे सगळे नवऱ्याकडचे. ती माजघरात दाराआड उभी. तिचं म्हणणं तिचा बाप मांडणार, तेही दबकत.

माझ्या मावसबहिणीच्या अशा बैठका होऊन काही सुटलं नाही. शेवटी कोर्टातल्या मध्यस्थी केंद्रात दोघं समोरासमोर बसली. आम्ही नातेवाईक बाहेर बाकावर. मध्यस्थ निकाल देत नाही, चूक कोणाची तेही ठरवत नाही. दोघांशी एकत्र बोलतो, मग एकेकाशी वेगळं. खासगीत सांगितलेलं परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. तिथलं बोलणं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही ही गोपनीयता आहे. बाहेर फुटणार नाही याची खात्री असली की माणूस खरं बोलतो.

वेगळं व्हायचं ठरल्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला तो गणपतीवर. मुलगा आईकडे राहणार हे लवकर ठरलं, पण चतुर्थीला नातू घरात नाही ही कल्पनाच आजीला सोसेना. बरंच बोलणं होऊन ठरलं की गणपती आणि शिमग्याची पालखी वडिलांच्या गावी, दिवाळी आईकडे, मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी. कोण आणणार, कोण पोचवणार, तेही कागदावर आलं. पैशाचंही तसंच. नवरा आंबा बागायतदार, त्याच्या हातात रोकड येते ती हंगाम संपल्यावर. म्हणून पोटगीच्या ठरलेल्या एकूण रकमेचा मोठा हप्ता जूनमध्ये ठेवला. पाटल्या, मोहनमाळ, कानातले, सगळं वजनासकट लिहून तिचं स्त्रीधन तिला परत मिळालं. दावा लढत बसले असते तर इतकं बारीक कोणी विचारलं असतं, असं मला वाटत नाही.

मग परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे त्याआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. पोटगी, मुलाचा ताबा असं सगळं खरोखर मिटलेलं असेल तर योग्य प्रकरणात कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे.

एक मात्र कळकळीने सांगते. जिथे मारहाण आहे, जिथे बाई नवऱ्यासमोर तोंड उघडायला घाबरते, तिथे तिला समेटाच्या टेबलावर ढकलू नका. तिथे आधी तिचं संरक्षण, त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कितीतरी जणी गप्प बसतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन १५१००. तुमच्या वाडीत कोणाला गरज असेल तर हा नंबर थेट तिच्याच हातात द्या.