‘ओरडली नाही म्हणजे संमतीच’ म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: कॅथलिक शिकवणुकीत जबरदस्ती असो वा नसो, पाप ते पापच. जीव जाईस्तोवर प्रतिकार केला नाही, तर ती संमती. नाहीतर बलात्काराला विरोध करताना मारली गेलेली मारिया गोरेट्टी संत कशाला झाली असती?

‘पाप ते पापच’ हे तर धर्मशिक्षणाच्या पहिल्या पाठातच अडकतं. पाप गंभीर ठरायला कृत्य गंभीर हवं, ते ठाऊक असायला हवं आणि त्याला मनापासून संमती हवी. बलात्कारात पीडितेची संमतीच नसते, मग तिच्या माथी कसलं पाप?

बरं, भीतीने अंग गोठलं, तोंडातून आवाज फुटला नाही, तर? 410 साली रोम लुटलं गेलं, तेव्हा अनेक स्त्रियांवर अत्याचार झाले. त्या काळचे बिशप आणि धर्मचिंतक संत ऑगस्टिन, त्याने स्पष्ट लिहिलं की मनाने होकार दिला नसेल, तर दुसऱ्याच्या वासनेने या स्त्रियांचं पावित्र्य जात नाही. त्या जिवंत राहिल्या म्हणून त्यांना बोल लावणाऱ्यांनाही त्याने फटकारलं. म्हणजे हा मेसेज सोळाशे वर्षं जुनाच आहे, फक्त आता फॉरवर्ड होतो.

गोरेट्टीचं म्हणाल, तर 1902 मध्ये ती अकरा वर्षांची होती. ‘हे पाप आहे’ असं ती हल्लेखोराला बजावत होती, आणि मरताना तिने त्याला क्षमा केली. तिच्यावरच्या कित्येक प्रवचनांनी वाचलेल्या मुलींना अपराधी वाटायला लावलं, हे मात्र खरं. तो दोष प्रवचनांचा. ती मेली म्हणून वाचलेली दोषी, हा हिशेब शिकवणुकीत कुठेच नाही.

अवघड प्रश्न वेगळाच आहे: धमकीला घाबरून माणूस स्वतःच्या हाताने काही करतो तेव्हा काय? ‘गर्भ पाड, नाहीतर घराबाहेर हो’ असं ऐकवलेली बाई घ्या. गर्भपात चर्च गंभीर पापच मानतं, त्यात सूट नाही. पण भीती आणि दबावाने करणाऱ्याची जबाबदारी कमी होते, कधी उरतही नाही, असं चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथाचा (कॅटेकिझम) 1735 वा परिच्छेद सांगतो. धाकाने लावलेलं लग्न तर चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) 1103 नुसार लग्नच ठरत नाही.

राहिलं पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. आपल्यावर जे लादलं गेलं त्याची कबुली द्यायची नसते. मन मोकळं करायला फादरकडे जरूर जावं. आणि त्यांनी ‘तू ओरडलीस का?’ असं विचारलं, तर उठावं आणि दुसऱ्या फादरांकडे जावं.