जुन्या गाडीतलं नॅव्हिगेशन खरंच डबडं झालंय का?

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मलाच तीन ग्रुपवर आला. सार असं की दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत कंपनीचं जे नॅव्हिगेशन असतं ते आता डबडं झालंय, त्याचा मॅप अपडेट करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, मोबाईल लावा आणि विषय संपवा. वाचताना पटतं, पण लोक तेवढ्यावर विश्वास ठेवून चांगली चालणारी सिस्टीम उखडून टाकायला निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"जुने जीपीएस २०१९ मध्येच बाद झाले, सॅटेलाइट बदलले"

हे सरळसरळ चूक आहे. जीपीएसच्या जुन्या सिग्नलमध्ये आठवड्याचा नंबर येतो आणि त्याला जागा फक्त १० बिटची, म्हणजे ० ते १०२३, त्यानंतर परत शून्य. ही मोजणी ६ जानेवारी १९८० पासून चालू आहे, पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये शून्यावर आली आणि दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. ज्या युनिटच्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय केलेली नाही ते तारीख १०२४ आठवडे मागे नेतं, म्हणजे साडेएकोणीस वर्षांपेक्षा थोडं जास्तच. मी स्वतः अशा गाडीत बसलोय, स्क्रीनवर तारीख कुठल्या कुठे गेलेली आणि त्याच स्क्रीनवर बाण मात्र बरोब्बर त्याच गल्लीत जिथे आम्ही उभे होतो! कारण गाडी कुठे आहे ते वेगवेगळ्या सॅटेलाइटचे सिग्नल पोचायला किती वेळ लागला त्यावरून निघतं, आठवड्याच्या नंबरावरून नाही. आणि नवीन सोडलेले सॅटेलाइटसुद्धा तो जुना सिग्नल पाठवतातच. काही युनिट तेव्हा अडखळली हे खरं, पण त्याचा इलाज फर्मवेअर (म्हणजे युनिट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे, मॅप अपडेट नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घड्याळ दुरुस्त होईल म्हणून कोणी मॅपची डिस्क गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

"ते चुकीचे रस्ते दाखवतं, त्याला आपण कुठे आहोत तेच कळत नाही"

तुमच्याही गाडीत हे झालं असेल, नवीन बायपासवर गाडी मस्त चाललीये आणि स्क्रीनवर बघावं तर बाण रिकाम्या हिरव्या पट्ट्यातून सरकतोय, ना रस्ता ना नाव, आणि बाई सारखी सांगतेय की शक्य होईल तिथे यू-टर्न घ्या. आपण लगेच म्हणतो सिस्टीम गंडली. पण नीट बघा, बाण सरळ चाललाय, वळणाला वळतोय, म्हणजे जागा त्याला अचूक कळतेय, फक्त त्या जागेवर रस्ता काढलेला नाहीये! जुनी झालीये ती गोष्ट एकच, मॅपचा डेटा, आणि अपडेटमध्ये नेमकी तीच बदलते. मेसेज लिहिणाऱ्याने रोगाचं वर्णन बरोबर केलंय आणि औषधालाच नावं ठेवलीत.

"मोबाईल सगळ्याच बाबतीत सरस"

ट्रॅफिकमध्ये सरस, हजार वेळा मान्य. पुढे कुठे गाड्या तुंबल्यात ते मोबाईलला आत्ताच्या आत्ता कळतं, दोन वर्षांपूर्वीच्या डिस्कला ते कधीच कळणार नाही. पण मोठ्या बोगद्यात जाऊन बघा, मोबाईलचा बाण बऱ्याचदा तोंडाशीच थिजतो किंवा भलत्याच रस्त्यावर उडी मारतो. कंपनीने बसवलेल्या सिस्टीमला सहसा चाकांच्या सेन्सरकडून वेग आणि जायरोकडून (म्हणजे गाडी किती वळली ते मोजणाऱ्या सेन्सरकडून) वळण मिळत असतं त्यामुळे सॅटेलाइट दिसत नसताना पण ती अंदाज बांधत पुढे जाते, आणि आतच फाटा असेल तर हा फरक फार मोठा आहे. शिवाय सगळा मॅप गाडीतच, रेंजचा प्रश्न येत नाही (मोबाईलवर पण ऑफलाइन मॅप उतरवता येतो, पण तो आधी आठवणीने उतरवावा लागतो, आणि आठवण होते ती रेंज गेल्यावर). भर उन्हात काचेला लावलेला फोन तापून स्क्रीन मंद होते तेही आहेच. मी दोन्ही चालू ठेवतो, ट्रॅफिकसाठी फोन, वळणासाठी गाडी.

"अपडेट हवंच असेल तर नेटवर फुकट मिळतं, कार्डवर टाका"

हे कृपया करू नका. बऱ्याच सिस्टीमचं एसडी कार्ड त्या युनिटशी किंवा कार्डाच्या नंबराशी बांधलेलं असतं, नुसती फाइल कॉपी करून चालत नाही, आणि दुसऱ्या व्हर्जनची किंवा दुसऱ्या देशाची फाइल गेली तर युनिट चालू होतानाच लोगोवर अडकून बसू शकतं. मग रेडिओ गेला, रिव्हर्स कॅमेरा गेला, सगळंच. अधिकृत अपडेट करतानाही इंजिन चालू ठेवा, अर्थात मोकळ्या हवेत, नाहीतर बॅटरीला चार्जर लावा, तासभर किंवा जास्तही लागू शकतो आणि मध्येच करंट गेला तर पंचाईत.

"अपडेटने लाइव्ह ट्रॅफिक येत नाही"

बरोबर. ज्या गाड्या ३जी सिमवरून ट्रॅफिक घ्यायच्या त्यांची सेवा ते नेटवर्क बंद झालं तिथे गेली, अमेरिकेत २०२२ मध्ये हेच झालं. नवीन मॅप टाकून ती परत येणार नाही.

आता घ्यायचं की नाही. सेटिंगमध्ये मॅपचं व्हर्जन बघा, मग कंपनीकडे शेवटचा मॅप कुठल्या सालचा आहे ते विचारा, आणि हे साल छापील नाही तर डेटाचं विचारा, कारण डेटा गोळा होतो आधी आणि डिस्क येते नंतर. तुमच्या मॅपमध्ये आणि त्यात पाच-सहा वर्षांचा फरक असेल, तुम्ही लांबचं आणि अनोळखी ड्रायव्हिंग करत असाल तर घ्या, मी घेतला आणि मला त्याचा उपयोग होतोय. पण मॉडेल बंद झाल्यावर काही वर्षांनी कंपन्या मॅप काढणंच थांबवतात. माझ्या मामांच्या गाडीचं तेच झालं, त्यांच्याकडे होता त्यानंतर फक्त एकच मॅप आलेला, तोही एका वर्षाने पुढचा. त्यांना मीच म्हटलं, मामा, याला एक रुपया घालू नका.