गच्चीची किल्ली आणि पृथ्वीचा घेर

शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे सूर्य नेमका डोक्यावर येतो त्या दिवशी, भर दुपारी मी एक मीटरची पीव्हीसी काठी, ओळंबा आणि मोजपट्टी घेऊन गच्चीच्या दाराशी उभी होते. किल्ली सेक्रेटरी काकांच्या खिशात होती. त्या दिवशी ठाण्याचा मध्यान्ह, म्हणजे सूर्य डोक्यावर येण्याची वेळ, 12:35 च्या सुमारास, म्हणून काकांना मुद्दाम लवकर बोलावलं होतं. तेवढीच त्यांना बोलायला सवड झाली.

"वहिनी, हे काय?"

"सावली मोजायचीय."

"आज सावली नसते. पेपरात आलंय."

"म्हणूनच! इथे शून्य. सावंतवाडीला माझा मामेभाऊ अशीच काठी घेऊन उभा आहे. त्याची सावली मोजायची आणि पृथ्वीचा घेर काढायचा."

काकांनी चष्मा काढून पुसला. हा माणूस चष्मा पुसायला लागला की सभेत लोक चहाला उठतात.

"पृथ्वी गोल आहे हे ठरलंय ना?"

"हो."

"मग मिटलेला विषय पुन्हा कशाला उकरायचा?"

मी ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिस काढला. बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये सायनीला सूर्य थेट डोक्यावर असताना अलेक्झांड्रियाला तो 7.2 अंश कललेला होता. 7.2 म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास, झाला घेर!

"त्याने परवानगी घेतली होती?"

"काका, तो तिथल्या ग्रंथालयाचा प्रमुख होता."

"म्हणजे पदाधिकारी. बघा!"

12:30 झाले होते. काकांना आता गोडी लागली होती.

"पण मला सांगा, दोन काठ्यांवरून गोल कशावरून? जमीन सपाट असली आणि सूर्य जवळ असला, तरी सावल्या वेगळ्याच पडतील की."

हे नेमकं बरोबर होतं, तेच झोंबलं. घेर काढताना पृथ्वी गोल आणि सूर्य खूप लांब हे आधी धरूनच चालतो. गोल की सपाट हे ठरवायला लांबवर तिसरी काठी लागते.

"तिसरी काठी आहे? नाही ना? म्हणजे कागदपत्रं अपूर्ण."

किल्ली हातात आली तेव्हा 12:50 झाले होते. माझ्या काठीला पूर्वेकडे सहा सेंटीमीटरची ठसठशीत सावली फुटली होती. वर्षातून दोनदा येणारा दिवस, आणि त्यातला जुलैचा ढगात जातो.

दुसरी युक्ती होती मध्ययुगातल्या विद्वान अल् बिरूनीची. अकराव्या शतकात त्याने आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या टेकडीवरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं तो कोन मोजला. टेकडीची उंची आणि हा कोन, एवढ्यावर पृथ्वीची त्रिज्या! पण त्याला क्षितिज होतं. आमच्या गच्चीवरून बी-विंगची पाण्याची टाकी दिसते, तिच्यामागे नव्या टॉवरची क्रेन. घोडबंदर रोडला घर घेताना ब्रोशरमध्ये खाडी होती. हप्ते अजून त्या खाडीचेच चालू आहेत.

तेवढ्यात भावाचा फोन. "सावली दक्षिणेक पडता गो, सूर्य उत्तरेक गेलो!" लांबी 5.8 सेंटीमीटर. ठाण्याचा शून्य मी पंचांगातून उचलला. सायनीच्या विहिरीत त्या दुपारी तळापर्यंत ऊन पोचतं, ही गोष्ट इरॅटोस्थेनिसनेही ऐकीवच घेतली होती म्हणतात. सावली भागिले काठी, म्हणजे कोनाचा टॅन 0.058, म्हणजे कोन 3.32 अंश. नकाशावरचं उत्तर-दक्षिण अंतर 365 किलोमीटर. घेर आला 39,578. ध्रुवांवरून जाणारा खरा घेर 40,008 किलोमीटरच्या आसपास. हौस म्हणून मग हायवेचं पाचशे किलोमीटर अंतर घालून पाहिलं, तर पृथ्वी चोपन्न हजारांवर फुगली. गणपतीला त्या रस्त्याने कोकणात गेलेल्या कोणालाही विचारा, त्याला हाच आकडा पटेल.

संध्याकाळी काका दारात. "आला का आकडा? द्या, बोर्डावर लावतो."

लावलाय. 'सभासदांना कळविण्यात येते की समितीच्या सहकार्याने पृथ्वीची मोजणी पूर्ण झाली असून घेर 40,000 कि.मी. आहे.' माझं नाव नाही. 39,578 चं काय झालं विचारलं, तर म्हणाले, "राउंड फिगर बरी दिसते, वहिनी." खाली शिक्का, आणि 'आदेशावरून, सचिव'.